चार नंबरच्या खोलीतले आगा

आजारी पडायच्या आधी ते मनगटावरचं घड्याळ काढून कोटाच्या खिशात ठेवायचे. मग दोन्ही तळव्यांनी एकदा चेहरा पुसायचे, पलंगाच्या कडेला बसायचे, आणि बघता बघता समोरचा माणूस आजारी दिसायला लागायचा. खांदे उतरायचे, ओठ कोरडे पडायचे. दोनच मिनिटांपूर्वी माझ्याशी चहा कसा उकळावा यावरून हुज्जत घालणारे गृहस्थ ते हेच का, असा प्रश्न पडावा.

"घड्याळ कशाला काढता, आगा?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"आजाऱ्याला किती वाजले ते माहीत नसतं, खानुम," ते म्हणाले. "अजून किती वेळ, एवढंच त्याला विचारायचं असतं."

हे आजारी पडणं काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर तुमचा गैरसमज व्हायचा. ते पगारी आजारी होते. डॅलसजवळच्या ज्या मेडिकल कॉलेजात मी काम करते, तिथे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना खऱ्या पेशंटांवर सोडण्याआधी खोट्या पेशंटांवर सराव देतात. दवाखान्यासारख्या दहा खोल्या आहेत. प्रत्येकीत पलंग, स्टूल, छताला कॅमेरा आणि एका भिंतीला काच. आतून आरसा, बाहेरून खिडकी. काचेच्या अलीकडे मी बसते. खोट्या पेशंटांना तयार करायचं आणि मग त्यांच्या कामाला मार्क द्यायचे, ही माझी नोकरी. माझ्या तक्त्यातला शेवटचा रकाना असतो, 'खरं वाटलं का?' एक ते पाच. सांगलीला कॉलेजात असताना दोन एकांकिका बसवल्या होत्या, ते भांडवल प्लेनोला येऊन असं कामी आलं.

ते इराणचे. आगा म्हणजे त्यांच्या फारसीत 'साहेब', आणि खानुम म्हणजे 'बाई'. सगळे त्यांना आगाच म्हणायचे. त्यांचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे तुमच्या लक्षात येईलच. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे ते माझ्या मराठीत आहे, तेव्हा त्यात सांगलीचा वास आला तर दोष माझा.

अर्जात 'पूर्वीचा व्यवसाय' या ओळीसमोर त्यांनी 'अभिनय' एवढंच लिहिलं होतं. मला वाटलं, असतील हौशी. अमेरिकेत निवृत्तीनंतर सगळेच थोडेफार कलाकार होतात.

पहिल्याच परीक्षेत त्यांनी घोटाळा केला. छातीत दुखणारा पेशंट. परीक्षा देणारी मुलगी आत आली, विचारलं, "काय त्रास होतोय?" आगा छातीवर हात ठेवून किंचित झुकले. "काही नाही, काही नाही. तुम्ही कशा आहात? तुम्ही दमलेल्या दिसता." तिने पुन्हा विचारलं. "छे, तुम्हाला उगीच तसदी." तिसऱ्यांदा विचारायच्या आत तिची वेळ संपली आणि ती रडत बाहेर आली.

मी तरातरा आत गेले. "आगा, स्क्रिप्टमध्ये लिहिलंय की पहिल्या प्रश्नाला छातीत दुखतं म्हणून सांगायचं."

"पहिल्या प्रश्नाला?" त्यांना धक्काच बसला. "खानुम, आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर खरं सांगत नाहीत. ते उद्धटपणाचं दिसतं."

त्यांनी मला तारोफ हा इराणी रिवाज समजावून सांगितला. यजमानाने तीनदा द्यायचं, पाहुण्याने दोनदा नाकारायचं. समोरच्याच्या मनाला आधी जागा द्यायची, आपल्याला मागून. मी म्हटलं, हे मला शिकवू नका, 'आत्ताच जेवून आलो' म्हणत पाटावर बसणाऱ्या माणसांत मी वाढलेय. त्यावर आमची जी दोस्ती झाली ती झालीच. एकदा जेवायला घरी आले होते. निघताना दारात 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही' करत आम्ही दोघं इतका वेळ उभे राहिलो की माझा नवरा मिलिंद आतून ओरडला, "अरे कोणीतरी बाहेर पडा यार, सगळा ए.सी. टेक्सासला लागतोय!"

ते खरे कोण होते ते मला एका इराणी वाणसामानाच्या दुकानात कळलं. मला केशर हवं होतं म्हणून ते बरोबर आले. आम्ही आत शिरलो आणि दुकानदार गल्ला सोडून धावत बाहेर आला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून डोळ्यांना लावला. भाजी निवडणाऱ्या दोन बायका रडायलाच लागल्या. एकीने तिथूनच आपल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. केशराचे पैसे दुकानदार घेईना. आगा देतायत, तो मागे सारतोय, तीनदा, चारदा. मी आपली हातात पिशवी घेऊन उभी. या माणसाला मी गेल्या आठवड्यात 'पोटदुखी अजून थोडी खालच्या बाजूला दाखवा' म्हणून सुनावलं होतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "सांगायचं नाही का?"

"तुम्ही तीनदा विचारलं नाहीत," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मग हळूहळू कळत गेलं. कास्पियन समुद्राकाठच्या गावातला जन्म. वडील थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे, त्यामुळे पोराने चालायला शिकायच्या आधी सिनेमे पाहिले. पहिली भूमिका प्रेताची. "दिग्दर्शकाला माझं काम आवडलं. म्हणाला, तू कधी हललाच नाहीस." मग तीस-पस्तीस सिनेमे. मास्तर, न्यायाधीश, मुलींचे बाप. "पडद्यावर मी नऊ वेळा मेलो आणि चार वेळा लग्न केलं. मरण जास्त सोपं जायचं."

मग तिकडे हिजाबाच्या सक्तीविरुद्ध पोरी रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांनी त्यांच्या बाजूने चार ओळी लिहिल्या. फक्त चार. त्या चार ओळींनी काम बंद झालं, बँकेचं खातं बंद झालं, भिंतीवरच्या पोस्टरातून चेहरा गेला. मुलगी टेक्सासातच शुगर लँडला तेल कंपनीत इंजिनियर होती, तिच्याकडे ते आले. तिला ओझं नको म्हणून वर्षभरात प्लेनोला एका खोलीची जागा घेऊन राहिले. तिने चारदा नको म्हटलं असणार. पण या खेळात बापाने लेकीला कधी जिंकू दिलंय?

दर रविवारी ती दोघं दोन दोन तास फोनवर बोलायची. सोमवारी लॅबमध्ये आगा ताजेतवाने असायचे. त्या दिवशी ते हार्ट अटॅकसुद्धा खुशीत करायचे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ते एका शनिवारी दुपारी माझ्या घरी आले. न सांगता आले, यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

देश सोडण्याआधी त्यांनी एक सिनेमा पुरा केला होता. रेल्वे फाटकावरच्या म्हाताऱ्या गेटमनची गोष्ट. दिग्दर्शक त्यांचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र, आता आजारी, हा त्याचा शेवटचा सिनेमा. परवानगी अडली होती ती आगांच्या चेहऱ्यामुळे. आता वरून निरोप आला होता. आगांनी कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं बोलायचं. त्या चार ओळी चुकून लिहिल्या, शत्रूंनी भरीला घातलं, मला पश्चात्ताप होतो. तेवढं केलं की सिनेमा लागेल. शिवाय त्यांची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई तिकडे होती, तिला भेटायला येऊन परत जाता येईल, असा शब्दही दिला होता.

"आणि मुलगी?" मी विचारलं.

"तिची मैत्रीण अजून तुरुंगात आहे," आगा म्हणाले. "ती म्हणते, बाबा, तुम्ही माफी मागितलीत तर मला फोन करू नका."

मी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद वाईट माणूस नाही. बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिलेला माणूस आहे, एवढंच. तो म्हणाला, "आगा, इट्स जस्ट टू मिनिट्स. तुम्ही ॲक्टर आहात. ॲक्ट करून टाका आणि मोकळे व्हा. आईला भेटा. मुलीची समजूत नंतर काढता येईल."

आणि मी? मीही मान डोलावली. आम्ही इथे ऑफिसात, व्हिसाच्या खिडकीवर, शेजाऱ्याच्या बार्बेक्यूला, कुठे कुठे मान डोलावलीय त्याची मोजदाद नाही. फेसबुकवरचे जुने फोटोसुद्धा आम्ही भीतीने पुसून टाकले होते. मला खरंच वाटलं, दोन मिनिटांनी काय होतं.

त्यांना चांगला कॅमेरा आणि शांत खोली हवी होती. दुसऱ्या शनिवारी लॅब बंद असताना मी नियम मोडून चार नंबरची खोली उघडून दिली. ते आत बसले, मी काचेअलीकडे. मला फारसी येत नाही. पण काचेच्या या बाजूला बसून माझी अकरा वर्षं गेली आहेत, खरं आणि खोटं ओळखायला मला भाषा लागत नाही, असा मला गर्व होता.

पहिला टेक भयंकर झाला. हात गुडघ्यांवर, मान ताठ, नजर एकाच जागी, आणि शब्द असे बाहेर पडत होते, जणू शाळेतला पोरगा पाठ केलेलं भाषण संपवतोय. घड्याळसुद्धा मनगटावरच होतं.

मी माइकवर म्हटलं, "आगा, घड्याळ राहिलं."

ते काचेकडे बघत राहिले. त्यांना तिथे स्वतःचाच चेहरा दिसत असणार. "बाकी कसं वाटलं?"

"फार सपाट होतंय. असं बोललात तर कोणाला खरं वाटणार नाही."

"खरं वाटायला हवं का, खानुम?"

"मग एवढं करायचं कशाला?" मी म्हटलं. हे वाक्य मी त्यानंतर हजारदा मनात उच्चारलं असेल.

त्यांनी घड्याळ काढलं. दुसरा टेक बरा झाला. तिसऱ्यात मात्र काय झालं कोण जाणे, त्यांचा चेहराच बदलला. एका वाक्याच्या मधोमध आवाज फुटला, त्यांनी तो सावरला, खाली पाहिलं, आणि शेवटची दोन वाक्यं अशी म्हणाले की मला हुंदका आवरेना. काय म्हणतायत ते कळत नसताना मी रडले. सवयीने समोर कागद ओढून शेवटच्या रकान्यात पाच लिहिले.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "कोणता पाठवू?"

"तिसरा. हे काय विचारणं झालं?"

"पहिला नको?"

"छे! तो लगेच परत येईल."

ते छातीवर हात ठेवून झुकले. "तुम्ही म्हणता तसं."

इतके दिवस मी त्यांचा तारोफ ओळखायची. पेशंट 'काही नाही' म्हणाला की पुन्हा विचारा, असं पोरांना शिकवायची. त्या दुपारी मात्र मी त्यांना एकदाही पुन्हा विचारलं नाही. कधी कधी वाटतं, त्यांनाही तो टेक आवडला असेल. चांगलं झालेलं काम नटाला ड्रॉवरमध्ये ठेवून देता येत नसेल. हे मी स्वतःचं मन राखायला म्हणते की काय, कळत नाही.

तो व्हिडिओ तिकडच्या टीव्हीवर चार दिवस दाखवत होते. मग तो फोनाफोनांतून जगभर फिरला. महिनाभराने आम्ही त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने सामान पिशवीत भरलं आणि वर न बघता किंमत सांगितली. एकदाही 'राहू द्या' म्हणाला नाही. आगांनी कार्ड पुढे केलं, त्याने ते घेतलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आगा गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. शिवी दिली असती तर त्यांना इतकं लागलं नसतं.

मुलीने नंबर ब्लॉक केला. रविवार रिकामा गेला, सोमवारी ते आले तेव्हा त्यांना किडनी स्टोन करायचा होता. तो त्यांनी केला. चांगलाच केला.

"बोलेल ती, आगा," मी म्हटलं. "राग ओसरला की बोलेल."

"मी आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नव्हतं," ते हसून म्हणाले. "माझ्या लेकीलासुद्धा खरं वाटलं."

मला तो विनोद वाटला. मी हसलेसुद्धा.

सिनेमा लागला. दिलेला शब्द असा पाळला की आगांचा चेहरा असलेला प्रत्येक शॉट कापून टाकला. फाटक वर करणारा एक हात तेवढा राहिला आणि दुरून पाठमोरी आकृती. दिग्दर्शकाने फोन केला तेव्हा त्याला बोलताच येईना, आगाच त्याची समजूत घालत राहिले.

जूनमध्ये आई पडली. कंबरेचं हाड मोडलं. मी म्हटलं, जाऊ नका. या वेळी मी तीनदा म्हटलं, मिलिंदनेही म्हटलं. ते म्हणाले, "पश्चात्ताप तर झाला आहेच, आता त्याचा उपयोग करून घेतो." गुरुवारी सकाळी त्यांनी दम्याचा शेवटचा पेशंट केला, मुलांशी हात मिळवले आणि दुपारच्या विमानाने गेले. पोचल्याचा मेसेज आला. आईचा हात धरलेला फोटो आला, फक्त दोन हात. त्यानंतर काही नाही. पासपोर्ट विमानतळावरच ठेवून घेतला होता, हे पुढे कळलं.

ऑगस्टच्या शेवटी त्यांची मुलगी जागा रिकामी करायला प्लेनोला आली. भाडेकरारावर माझा नंबर होता म्हणून तिने फोन केला. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, बापाचीच भुवई. किल्ली मागायला आली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभीच राहिली. चहाला एकदाच नको म्हणाली आणि ते खरंच नको होतं.

"तो व्हिडिओ तुम्ही शूट केलात?" तिने विचारलं.

"हो."

"मी तो एकदाच पाहिला. माझ्या बाबांना असं मनापासून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याशीसुद्धा नाही."

मी लॅपटॉप उघडला. लॅबमधलं सगळं सेमिस्टर संपलं की पुसून टाकतात, पण ते तीन टेक मी घरी आणून ठेवले होते. का आणले होते, विचारू नका. मी म्हटलं, "याच्या आधीचे दोन आहेत. बघायचे असतील तर." आणि पहिला लावला.

हात गुडघ्यांवर. मान ताठ. अर्धं मिनिट गेलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता खुर्चीत बसली.

"हे बाबा आहेत," ती म्हणाली. "हे माझे बाबा आहेत! मी लहान असताना एकदा त्यांना कुठल्याशा साहेबाच्या स्तुतीचं भाषण करायला लावलं होतं, तेव्हा अगदी असेच झाले होते. लाकडासारखे. खोटं बोलायची पाळी आली की ते मुद्दाम असे वाईट व्हायचे. आमच्या सगळ्या घराला माहीत होतं. शेजाऱ्यांनासुद्धा माहीत होतं." मग तिचं हसू थांबलं. "मग हा का नाही पाठवला?"

मी सांगितलं. घड्याळासकट सगळं सांगितलं. सपाट होतंय असं मी म्हटलं, तिसरा मी निवडला, ते 'पहिला नको?' म्हणाले होते आणि मी छे म्हटलं. मी तिच्याकडून तिचा बाप तोडला होता, आणि वर त्याला पाच मार्क दिले होते.

तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि तो पहिला टेक पुन्हा लावला, मग पुन्हा. पाच वेळा पाहिल्यावर तिने घड्याळाकडे बघून हिशेब केला. तिकडे संध्याकाळचे साडेसात झाले असतील.

"आजीच्या घरचा साधा फोन चालू आहे," ती म्हणाली. "पण तिसरं कोणीतरी ऐकत असतं. व्हिडिओबद्दल, माफीबद्दल, एक शब्द काढता येणार नाही."

"मग काय बोलणार?"

तिने नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. बराच वेळ घंटी वाजली. एका म्हातारीचा आवाज आला, मग दोघींचं खूप वेळ हालहवाल विचारणं, तब्येत, हवा, पुन्हा तब्येत. मग म्हातारीने लांब कोणाला तरी हाक मारली. पावलं वाजली. फोन उचलल्याचा आवाज आला. नुसता श्वास.

ती फोनवर वाकली आणि एक वाक्य म्हणाली. एकच.

मग आगांचा आवाज आला, फुटलेला, आणि या वेळी तो कोणी सावरला नाही. "मेर्सी," ते म्हणाले. "मेर्सी, बाबा. मेर्सी." मेर्सी म्हणजे आभार, आणि त्यांच्याकडे आपल्यासारखंच लेकराला लाडाने बाबा म्हणतात. फोन बंद झाला. तो नंबर त्यानंतर आजतागायत लागलेला नाही, तेव्हा मी ऐकलेले त्यांचे शेवटचे शब्द तेच.

"काय म्हणालीस त्यांना?" मी विचारलं.

तिने तळव्यांनी डोळे पुसले.

"म्हटलं, बाबा, तुमच्याइतका वाईट नट मी जन्मात पाहिला नाही."